सिंहगड, झुंजार बुरुजापर्यंत: गाडीने, पायी, किंवा अर्धे असे अर्धे तसे

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास सिंहगडाच्या पुणे दरवाजाजवळ थोडा वेळ उभे राहा. माणसांचा लोंढा पायऱ्या चढून वर येतो, दरवाजात फोटो काढतो, जवळच्या झोपडीत पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातो आणि आल्या वाटेने परत फिरतो. गड मात्र तिथून पुढे सुरू होतो. दक्षिणेच्या टोकाला झुंजार बुरुज आहे, पश्चिमेला तानाजी कडा आहे, आणि ज्या देखाव्यासाठी एवढं वर यायचं तो तिथे आहे. माझे आईवडील सत्तरीत आहेत, भाचरं दहा-बारा वर्षांची. या सगळ्यांना घेऊन अनेकदा गेल्यावर माझी खात्री झाली आहे की नीट बेत आखला तर त्या टोकापर्यंत बहुतेकांना जाता येतं. म्हणून हा लेख त्या बुरुजावर नजर ठेवून लिहिला आहे.

आधी थोडा अंदाज घेऊ. पुणे शहरापासून सिंहगड साधारण तीस किलोमीटर, नैर्ऋत्येला, भुलेश्वराच्या डोंगररांगेवर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३१२ मीटर. पुणे ५६० मीटरच्या आसपास असल्यामुळे गडावर चार-पाच अंश कमी तापमान मिळतं आणि वारा तर कायमचाच. मे महिन्यात हा फरक सुखाचा वाटतो. डिसेंबरात पहाटे गेलात तर लहान मुलांना कानटोपी लागते.

कधी जायचं

देखावा पाहायचा असेल तर माझं मत पक्कं आहे: सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर, आणि सकाळी. पावसाने हवेतली धूळ बसलेली असते, डोंगर अजून हिरवे असतात. सकाळीच का, याला कारण आहे. राजगड आणि तोरणा हे दोन मोठे गड इथून दक्षिण-पश्चिमेला आहेत. सकाळचं ऊन आपल्या पाठीकडून त्यांच्या अंगावर पडतं, त्यामुळे कडे, माच्या, घळी एकेक करून वेगळ्या दिसतात. दुपारनंतर सूर्य त्यांच्या बाजूला जातो आणि उरते फक्त निळसर आकृती. सूर्यास्त सुंदर असतो, पण गड ओळखायला तो उपयोगाचा नाही. शिवाय अंधार पडायच्या आत घाट उतरायचा असतो आणि गडावर मुक्कामाला परवानगी नाही.

एप्रिल-मेमध्ये हवा धुरकट असते, लांबचं काही दिसत नाही. पण तेव्हा करवंदं आणि कैऱ्या असतात, त्यामुळे मुलांना घेऊन जायला तो काळही वाईट नाही. पावसाळ्यातलं जाणं वेगळंच. ढगात चालायचं, ओलं व्हायचं, आणि अर्ध्या तासातून एकदा पडदा बाजूला झाल्यासारखी दरी उघडली तर नशीब समजायचं. मला ते फार आवडतं. पण त्या दिवसांत घाटात दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो, म्हणून निघण्यापूर्वी ताज्या बातम्या पाहा. विजा चमकत असतील तर बेत रद्दच करा. सिंहगडाचा माथा उघडा आहे. १७५१ साली इथल्या दारूच्या कोठारावर वीज पडून मोठा अनर्थ झाला होता, आणि त्या कोठाराची दगडी इमारत आजही पुणे दरवाजातून आत गेल्यावर दिसते.

आठवड्याचा मधला दिवस मिळाला तर उत्तम. शनिवार-रविवारच जमत असेल तर सकाळी साडेसहाला पायथ्याला पोहोचा. आठनंतर घाटात गाड्यांची रांग लागते, आणि ती कधी कधी दोन-दोन तास हलत नाही.

पायथ्यापर्यंत

स्वारगेटकडून सिंहगड रस्त्याने निघायचं. वडगाव, धायरी फाटा, नांदेड, किरकटवाडी, मग उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी सुरू होतं. पाण्याच्या कडेकडेने पुढे गेलं की डोणजे. इथे लक्ष ठेवा, कारण गाडीने वर जाणाऱ्याची आणि पायी चढणाऱ्याची वाट इथून पुढे वेगळी होते. घाटरस्त्याला जायचं तर गोळेवाडीचा वनखात्याचा नाका, पायी चढायचं तर आतकरवाडी.

गाडी नसेल तर पीएमपीची ५० नंबरची बस आतकरवाडीच्या पायथ्यापर्यंत सोडते. पायथ्यावरून वर शेअर जीपही जातात, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही हे गृहीत धरा. सातारा रस्त्याकडून येणाऱ्यांनी खेड शिवापूरवरून कोंढणपूरमार्गे यावं. तो रस्ता घाटात वरच्या टप्प्यावर येऊन मिळतो आणि सिंहगड रस्त्याची गर्दी टळते. परत येताना मी बऱ्याचदा हाच रस्ता धरते.

पेट्रोल शहरातच भरा. नाश्ता करून आलेलं बरं, निदान चालणाऱ्यांनी थोडं तरी खाऊन निघावं. स्वच्छतागृहाचं काम वाटेतल्या हॉटेलात उरकून घ्या.

गाडीने वर

नाक्यावर उपद्रव शुल्काची पावती घ्यावी लागते. दुचाकी आणि चारचाकी यांचे दर वेगळे आहेत. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण रेंजचा भरवसा नसतो आणि मोबाईलवरून पैसे पाठवता पाठवता मागे रांग वाढते. दारू, सिगारेट, गुटखा वर नेता येत नाही आणि तपासणी होते. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी घरच्या स्टीलच्या बाटल्या घ्या.

नाक्यापासून माथ्याच्या पार्किंगपर्यंत सुमारे नऊ किलोमीटरचा घाट आहे. रस्ता अरुंद, वळणं आंधळी. घाटाची सवय नसेल त्यांच्यासाठी एवढं सांगते:

चढताना गाडी गुरगुरायला लागायच्या आधी गिअर खाली घ्या, वळणावर मध्येच बदलू नका. सीएनजी गाडीत माणसं भरलेली असतील तर एसी बंद करा आणि पेट्रोलवर चालवा, फरक लगेच जाणवतो. प्रत्येक वळणाआधी एक छोटा हॉर्न द्या. समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा घाटाचा शिरस्ता आहे. तुम्ही उतरत असाल तेव्हा तुम्ही थांबा. पावसाळ्यात ज्या बाजूला डोंगर कापलेला आहे, तिथे फोटोसाठी किंवा धबधब्यासाठी गाडी लावू नका. दगड सुटतो तेव्हा आवाज आधी येत नाही. धुकं असेल तर हेडलाइट लो-बीमवर ठेवा, हाय-बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते.

वर पार्किंगमध्ये गाडी लावताना तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवा, निघताना हायसं वाटतं. काचा पूर्ण बंद करा, कारण माकडं आहेत. खाण्याची पिशवी सीटवर दिसेल अशी ठेवू नका.

२०२२ च्या मे महिन्यात खासगी गाड्या खाली थांबवून वर ई-बस नेण्याचा प्रयोग झाला होता. तो थोड्याच दिवसांत थांबवावा लागला. मला व्यक्तिशः तो प्रयोग पुन्हा नीट तयारीने व्हावा असं मनापासून वाटतं. रविवारी या चिंचोळ्या घाटात शेकडो गाड्या धूर सोडत उभ्या असतात, ते पाहवत नाही.

पायी वर

आतकरवाडीतून चढणारी वाट जेमतेम तीन किलोमीटरची आहे, पण त्यात सुमारे सहाशे मीटर उंची गाठायची असते. रोज चढणारे पुणेकर पाऊण तासाच्या आत वर जातात. त्यांच्याकडे पाहून वेग ठरवू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन तास धरावेत, मुलं बरोबर असतील तर अडीच.

सुरुवातीचा टप्पा झाडीतून जातो आणि सोपा वाटतो. तिथेच बहुतेक जण चूक करतात, गप्पा मारत भराभर चालतात आणि पुढच्या उभ्या चढावर दम संपतो. पहिली वीस मिनिटं मुद्दाम सावकाश चाला. बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असं समजा. पुढे सावली विरळ होते, वाट दगडधोंड्यांची आणि काही ठिकाणी घसाऱ्याची होते. इथे लांब टांगा टाकू नका. लहान पावलं, पूर्ण तळवा टेकवून. थांबायचं झालं तर दोन मिनिटं उभ्यानेच थांबा. बसकण मारली की पाय जड होतात आणि पुन्हा उठायला नको वाटतं.

वाटेत गावातल्या बायका आणि पोरं ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन बसलेली असतात. पाण्याच्या जड बाटल्या वाहण्यापेक्षा माणशी एक लिटर पाणी घ्या आणि मध्ये ताक प्या. मीठ-जिरं घातलेलं ते ताक घामाने गेलेलं मीठ भरून काढतं. हे लोक भल्या पहाटे डोक्यावर कळशी आणि बर्फ घेऊन हीच वाट चढतात. त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बूट खाचांच्या तळव्याचे हवेत. गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज चढताना चालून जातात, उतरताना दगा देतात. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ आणि मधल्या मातीचा चिखल होतो, तेव्हा हातात काठी हवीच. पाऊस जोराचा असेल तर वाटेवरूनच पाणी वाहायला लागतं. अशा वेळी उतरायला ही वाट न धरता वरून जीपने खाली यावं, त्यात कमीपणा काही नाही.

पक्ष्यांची आवड असेल त्यांनी आतकरवाडीजवळच्या झाडीत थोडा वेळ राखून ठेवावा. सिंहगडाचं हे खोरं पक्षीनिरीक्षकांना चांगलं माहीत आहे. लांब पांढरी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. त्यासाठी भडक कपडे टाळा आणि मोबाईलवरची गाणी बंद ठेवा. ती तशीही बंदच ठेवावीत.

दमदार चालणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग कात्रजचा. जुन्या बोगद्यापासून डोंगराच्या कण्यावरून, तेराएक टेकड्या चढत-उतरत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. अनेक जण पौर्णिमेच्या रात्री जातात. पण तो संपूर्ण रात्रीचा ट्रेक आहे, पाणी वाटेत मिळत नाही, आणि वाट माहीत असलेला माणूस बरोबर नसेल तर जाऊ नये. गडाची ओळख त्या वाटेने करून घेऊ नका.

अर्धे असे, अर्धे तसे

घरात सगळ्या वयाची माणसं असतील तर हा बेत सर्वांत चांगला. चालणाऱ्यांना आतकरवाडीला उतरवायचं आणि गाडीवाल्यांनी दीड तासाने घाट चढायचा. पायवाट पुणे दरवाजापाशीच वर येते, त्यामुळे भेटायची जागा तीच. फोन लागेल असं धरू नका. ठिकाण आणि वेळ दोन्ही खालीच ठरवा. आम्ही एकदा फक्त “वर भेटू” म्हणून निघालो आणि पाऊण तास एकमेकांना शोधत राहिलो, आई पार्किंगमध्ये आणि आम्ही दरवाजात.

गाडी लागते तिथून पुणे दरवाजापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना त्या हळूहळू, थांबत थांबत जमतात. अजिबात चढता येत नसेल तर पार्किंगच्या बाजूनेही खडकवासल्याकडची दरी दिसते, तिथे खुर्ची टाकून बसता येतं. माझ्या वडिलांनी दोन वेळा तसंच केलं आणि तिसऱ्या वेळी स्वतःहून काठी घेऊन पायऱ्या चढले.

गडावर कोणत्या क्रमाने फिरायचं

पुणे दरवाजा म्हणजे एकामागे एक असे तीन दरवाजे. ते ओलांडून आत आलं की खाण्याच्या झोपड्यांमधून हाका यायला लागतात. इथे एक काम करा: आवडेल त्या झोपडीत ऑर्डर सांगा आणि परतायची वेळ द्या. “दीड तासाने पाच माणसं, पिठलं, भाकरी, भरीत, ठेचा.” परत याल तेव्हा भाकरी तव्यावरून ताटात येते. आधी भरपेट खाल्लं की पुढे चालायला पाय तयार होत नाहीत, आणि बुरुज राहून जातो.

मग सरळ पुढे निघा. वाटेत लोकमान्य टिळकांचा बंगला लागतो. छत्रपती राजाराम महाराजांची समाधी लागते. १७०० च्या मार्चमध्ये त्यांचा मृत्यू याच गडावर झाला. कोंढाणेश्वराचं मंदिर आहे. गडाचं जुनं नाव कोंढाणा, ते इथे अजून टिकून आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापाशी सगळे थांबतात, तिथे मुलांना खाली बसवून गोष्ट सांगा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो परत घेतला गेला, आणि त्यात तानाजी आणि किल्लेदार उदयभान दोघेही पडले. पुढे कडा पाहायचा आहे, तेव्हा ही गोष्ट आत्ता सांगितलेली कामाला येते. जवळच देवटाकं आहे. पूर्वी गडावरचं पिण्याचं पाणी इथलं. त्यात हात-पाय धुऊ नका, बाटल्या बुडवू नका.

कल्याण दरवाजा हा थोडा खाली उतरून पाहायचा दरवाजा, पायथ्याच्या कल्याण गावाच्या अंगाला. इथे एकामागे एक दोन दरवाजे आहेत, आणि वरच्या दरवाजाच्या बुरुजांवर हत्ती आणि माहुतांची शिल्पं. शके १६७२ चा, म्हणजे १७५० च्या सुमाराचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळातला शिलालेखही आहे. घाई असेल तर हा टप्पा परत येताना घ्या, बुरुज आधी.

झुंजार बुरुजावर पोहोचलात की कठड्यापासून दोन हात मागे, पाठीला वारा घेऊन बसा. आता ओळखायला सुरुवात करा. समोर दक्षिणेच्या अंगाला टोपी ठेवल्यासारखा उंचवटा दिसतो तो राजगडाचा बालेकिल्ला. ती टोपी एकदा डोळ्यात भरली की पुढे कुठल्याही डोंगरावरून राजगड चुकत नाही. त्याच्या उजवीकडे लांबच लांब पसरलेला तोरणा, १४०३ मीटरचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. आणखी उजवीकडे खाली पानशेतचं खोरं. डावीकडे, पूर्वेला, पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड. एका बैठकीत एवढे किल्ले दिसतात तेव्हा स्वराज्याचा नकाशा वहीतून उठून समोर उभा राहतो. ज्यांना शाळेत तह आणि सनावळ्या कंटाळवाण्या वाटल्या, त्यांना इथे अंतर कळतं: कोंढाणा शत्रूच्या हाती असणं म्हणजे राजगडावरून रोज सकाळी डोळ्यांसमोर परका झेंडा. माझी भाची इथे बसून पहिल्यांदा म्हणाली, “म्हणजे हे शेजारी शेजारीच आहेत की!”

दुर्बीण असेल तर आणा. नसेल तर मोबाईलमधलं होकायंत्र पुरतं. किमान अर्धा तास बसा. पहिली दहा मिनिटं डोंगर सगळे सारखेच दिसतात, नंतर ते एकमेकांपासून सुटे व्हायला लागतात.

बुरुजावरून थोडं मागे येऊन तटाच्या कडेने पायवाट पश्चिमेला डोणागिरीच्या कड्याकडे, म्हणजे तानाजी कड्याकडे जाते. मावळे चढले ते इथून. खाली पाहिलं की काळाकभिन्न कातळ दिसतो, आणि हे रात्री, माघातल्या थंडीत, हत्यारं पाठीला बांधून चढले हे समजायला दुसरं काही लागत नाही. काठावर गवत वाळलेलं असतं तेव्हा ते बुटाखाली घसरतं. मुलांचा हात धरा. सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करून मागे सरकू नका. वारा जोराचा असेल तर शेवटची काही पावलं बसून पुढे जा. कड्यांच्या आसपास आग्या मोहोळं असू शकतात, म्हणून धूर, फटाके, मोठा गोंगाट नको.

परतताना उत्तरेकडे, दूरदर्शनच्या टॉवरच्या बाजूला, तटावरून एकदा पाहा. खडकवासल्याचं पाणी आणि त्यापलीकडे वाढत गेलेलं पुणे दिसतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला फुटला आणि ते पाणी शहरात शिरलं. बुरुजावरून पानशेतचं खोरं पाहिलेलं असतं, इथून शहर दिसतं, तेव्हा पाणी कुठून कुठे गेलं ते बोटाने दाखवता येतं. माझ्या आजीच्या घरात त्या पुराच्या आठवणी अजून निघतात, म्हणून मी इथे दरवेळी थांबते.

जेवण आणि उतार

पिठलं-भाकरीबद्दल वेगळं सांगायला नको. दही मात्र मडक्यातलंच घ्या, आणि मडकं परत द्या, फोडू नका. पैसे रोख द्या. कागद, द्रोण, बाटल्या पिशवीत भरून खाली आणा. वरचा कचरा खाली न्यायला वेगळी यंत्रणा लागते आणि वाऱ्याने तो आधी दरीत जातो.

चालत उतरणाऱ्यांनी बुटाच्या नाड्या घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात. गुडघे किंचित वाकवून, थोडं तिरकं उतरा. भरल्या पोटी लगेच निघू नका.

गाडीने उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा, तीव्र वळणावर पहिला. गाडी न्यूट्रल करून सोडणं किंवा सतत ब्रेकवर पाय ठेवणं दोन्ही धोक्याचं. पहिल्या वर्षी मी ब्रेक दाबत दाबत उतरले आणि अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला, ब्रेक लागेनासा झाला. सुदैवाने बाजूला मोकळी जागा होती. गाडी थांबवून अर्धा तास ब्रेक थंड होऊ दिले. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरा.

रविवारी दुपारी चारनंतर खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसांच्या आणि भेळेच्या गाड्यांपाशी सगळं पुणं लोटलेलं असतं. त्याआधी तिथून पार व्हा, किंवा कोंढणपूरवरून निघा. चौपाटीवर थांबलातच तर पाण्याकडे पाठ करून वर पाहा. माथ्यावरचे टॉवर स्पष्ट दिसतात. सकाळी आपण बसलो होतो तो बुरुज त्यांच्या पलीकडे, दक्षिणेला असतो.